पत्रातली अकादमी

प्रिय अर्णव, प्रिय सई,

रविवारी तासभर माझा फोन लागला नाही म्हणून तुम्ही दोघे रुसलात. तुम्ही इंग्लंडला गेल्यापासून असं पहिल्यांदाच झालं, हे मलाही मान्य आहे. अर्णव, तू मग दोन ओळींचा निरोप पाठवलास. पहिल्या ओळीत विचारलंस, "आजी, एवढा वेळ तू कोणाशी बोलत होतीस?" दुसऱ्या ओळीत तुमच्या समोरच्या घरातली बातमी होती. पहिल्या ओळीचं उत्तर द्यायला मला चार दिवसांचा प्रवास सांगावा लागेल. दुसऱ्या ओळीकडे शेवटी येते.

प्रवास तसा लहानच. भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडून करडीच्या बाजूला एक गाव आहे, तिथे जाऊन आले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं आपलीच आहेत आणि त्यांनी मला फार चांगलं जेवू घातलं. मी काश्मीरला जाऊन आले, रामेश्वरला जाऊन आले. पण परतल्यावर इतकी गोंधळलेली कधी नव्हते. क्रमाने लिहिलं की गोष्ट सुटसुटीत होते, असं मी शाळेत मुलींना सांगत असे. तेच करून बघते. आईला वाचून दाखवायला सांगा आणि मधे मधे थांबवू नका.

सुरुवात गणपतीच्या दिवसांत झाली. माझा भाचा प्रमोद, जो त्या गावी धानाचा व्यापार करतो, मोदक घेऊन आला आणि म्हणाला, "आत्याबाई, एक इंग्रजी पत्र पाहिजे. वजनदार."

त्यांच्या मंडळाची दर डिसेंबरात फुटबॉलची स्पर्धा असते. धान निघाल्यावर शेतं मोकळी होतात, तेव्हा. नागपूरचा कोणी माणूस परदेशातून तरुण खेळाडू आणून देतो, आणि त्यासाठी क्लबला लिहून द्यावं लागतं की आमची युवा अकादमी आहे आणि या मुलाला आम्ही तिच्यात घेत आहोत.

"अकादमी आहे का तुमची?" मी विचारलं.

"मंडळ आहे ना जी. मंडळ म्हणा का अकादमी म्हणा."

अकादमी म्हणजे काय असतं ते मला कुठे ठाऊक? म्हणून त्या रविवारी, अर्णव, मी तुला विचारलं. आठवतं? तू सांगितलंस की तुमच्या गावच्या क्लबने पोर्तुगालचा एक सोळा वर्षांचा मुलगा आणला आहे आणि तो तुमच्या समोर मिसेस हॉलंडबाईंकडे राहतो. क्लबच त्याला तिथे ठेवतो. त्याच्या खोलीला रस्त्यावर उघडणारी खिडकी आहे आणि तिच्यातून तो तुला हात करतो. सकाळी सहाला सराव, दहाला शिकवायला शिक्षक, पाय दुखले तर मालिश करणारा, दर रविवारी आईला फोन. मी सगळं वहीत टिपून घेतलं आणि दीड पानी पत्र लिहिलं. घरगुती वातावरण, खिडकी असलेली खोली, सहाला प्रशिक्षकांसोबत सराव, दहाला शिक्षक, मालिश, रविवारचा फोन. मुदत तीन वर्षं, कारण शाळेच्या प्रवेशपत्रांत मुदत लिहायची मला सवय. प्रमोदने ते न वाचता खिशात घातलं. मला वाईट वाटलं, कारण पत्र चांगलं झालं होतं. कितीतरी दिवसांनी कोणी माझं इंग्रजी मागितलं होतं.

गुरुवार. पुलापलीकडे

प्रमोद सकाळीच गाडी घेऊन दारात.

"आत्याबाई, चला. पोरगा येऊन चार दिवस झाले, रोज काहीतरी विचारून राहिला. आमच्या समजण्यात येऊन नाही राहिलं. एका दिवसाचं काम आहे."

"कोणता पोरगा?" खरं सांगते, पत्र मी पार विसरले होते.

"घानाचा. फुटबॉलवाला."

मी यादी करून पिशवी भरली. शाल, गोळ्या, वही, लहान शब्दकोश, जिल्ह्याचा नकाशा, वाचायचा चष्मा. प्रत्येकापुढे खूण केली. नकाशा गोंदिया वेगळा व्हायच्या आधीचा आहे, त्यामुळे निम्मा आता दुसऱ्याच जिल्ह्याचा. पण त्याच्या घड्या माझ्या हाताला सवयीच्या आहेत.

पूल ओलांडला की रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्यांच्यात लाखोरीची डाळ उगवून आलेली, तिला निळी फुलं. तुमच्याकडे शेतात एक पीक निघालं की जमीन नांगरतात. आपल्याकडे धान उभं असतानाच त्याच्या पायाशी लाखोरी फेकून देतात आणि ती आपली आपण वाढते. हे सगळं मी फार निवांत पाहिलं, कारण तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, भरलेला एक ट्रॅक्टर आमच्या पुढे होता आणि त्याला बाजू द्यायची नव्हती. उडणारं तणस माझ्या केसांत, शालीत, प्रमोदच्या कानात.

"तणशीची गाडी पुढं लागली म्हणजे शकुन चांगला असते," प्रमोद म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"आत्ताच म्या ठरवलं."

मुलगा सुकरामजींच्या घरी उतरला होता. सुकरामजी सत्तरीचे, एके काळी शंकरपटात बैलजोड्या पळवणारे. त्यांची बायको सुमनबाई. घर मातीचं, सारवलेलं, पुढे पडवी. मी आत पाऊल टाकलं तसा एक सडपातळ मुलगा खाटेवरून उठून ताठ उभा राहिला, जशा माझ्या मुली वर्गात उठत. इस्त्रीचा पांढरा शर्ट. नाव कोफी, वय अठरा. त्याने मला "गुड आफ्टरनून, मॅडम" म्हटलं आणि चार दिवसांत पहिल्यांदाच कोणी त्याला उलट तेच म्हटलं. त्याचा चेहरा असा मोकळा झाला की मला एकदम बसावंसं वाटलं.

त्याने पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद काढला आणि उजव्या हाताने मला दिला. मी चष्म्याची डबी उघडली. डबी रिकामी. यादीत चष्म्यापुढे खूण होती. चष्मा घरी टेबलावर.

"तूच वाच," मी म्हटलं.

तो वाचू लागला. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा वेगळ्या चालीचं, शब्दांना हेलकावे देणारं, पण स्वच्छ. पहिलं वाक्य मला ओळखीचं वाटलं. दुसऱ्यात एक अर्धविराम आला तिथे तो नेमका थांबला, आणि मी हादरले. तो अर्धविराम माझा होता. खिडकी असलेली खोली, दहा वाजता शिक्षक. अर्णव, तुझे शब्द, माझं इंग्रजी, त्याच्या तोंडून.

कागदावर मोठ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्या मला चष्म्याशिवायही दिसल्या. कोफीने समजावून सांगितलं. सुमनबाई म्हणजे पत्रातल्या घरमालकीणबाई, खूण. प्रमोद म्हणजे क्लबचे संचालक, खूण. सुकरामजी रोज संध्याकाळी त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळतात, ते मालिशवाले, मोठी खूण. "फार तयार माणूस आहे, मॅडम. त्यांनी कुठे शिक्षण घेतलं?"

सुकरामजींनी ते शिक्षण बैलांवर घेतलं होतं, हे मी सांगितलं नाही.

"खिडकी मागच्या बाजूला आहे, पण आहे," तो पुढे म्हणाला. "फक्त प्रशिक्षक आणि शिक्षक राहिले. मॅडम, यांना विचारा ना, शाळा कधी सुरू होणार?"

मी विचारलं. पडवीत आता आठदहा जण जमले होते.

"कोणती शाळा?" सुकरामजी म्हणाले.

"खेळाले आला का शिकाले आला हा?" मागून कोणीतरी.

प्रमोद माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "आत्याबाई, त्याले म्हणा फायनल झाल्यावर पाहू. परवा फायनल आहे. आत्ता मन नोको मोडा त्याचं."

आणि मी, जिने कधी मुलींना खोटं प्रगतिपुस्तक दिलं नाही, कोफीकडे वळून म्हटलं, "अंतिम सामन्यानंतर."

त्याने मान हलवली आणि पेन्सिलीने पत्रावर एक लहान टिंब दिलं. खूण नाही, टिंब.

त्या दिवशी मी परत गेले नाही. जावंसं वाटेना आणि राहावंसंही वाटेना. संध्याकाळी सुमनबाईंनी तांदळाच्या पिठाचे आयते केले, म्हणजे आपल्या घावनासारखे, आणि वांग्याची तिखट भाजी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं; कोफीने दुसऱ्यांदा वाढून घेतली. तो म्हणाला, त्यांच्या देशातही तांदूळ, त्यांच्याकडेही हाताने जेवण, आणि डाव्या हाताने कोणाला काही देणं त्यांच्याकडेही वाईट. मी हे मराठीत सांगितल्यावर सुमनबाई म्हणाल्या, "मंग तर घरचाच झाला. पहिल्या दिवशी म्या चमचा काहून देल्ला त्याले?"

सुकरामजींनी त्याच्या नावाचा अर्थ विचारला. कोफी म्हणाला, आमच्यात ज्या वारी जन्म त्या वाराचं नाव ठेवतात. कोफी म्हणजे शुक्रवारचा. मी मराठीत सांगितलं. सुकरामजींचा घास हातात राहिला.

"मी बी सुक्रवारचाच जी. म्हणूनच सुकराम." मग बायकोकडे वळून म्हणाले, "पाहून घे, इतक्या दूर माहा नाववाला निघाला."

"नाव तुमचं, पन काम करते तो," सुमनबाई म्हणाल्या.

शुक्रवार. दहा वाजता

सकाळी सहाला मला दार वाजल्याचं ऐकू आलं. कोफी सरावाला निघाला होता. धुकं असं की अंगणातली तुळस दिसेना. मी शाल गुंडाळून त्याच्या मागोमाग गेले. मैदानावर तो एकटाच पळत होता, मग हळूहळू गावातली मुलं आली, आणि तो त्यांना रांगेत उभं करून चेंडू द्यायला शिकवू लागला. पत्रात सहाची वेळ होती. प्रशिक्षक आले नाहीत, पण वेळ तर झाली होती.

नऊला आंघोळ. पावणेदहाला त्याने शर्ट घातला, वही घेतली आणि पडवीतल्या खाटेवर जाऊन बसला.

सुमनबाई मला चुलीपाशी म्हणाल्या, "पाहा बाई. रोज असाच बसते. अकरा वाजेपावतर. कोनाची तरी वाट पायते. कोनाची, तेच समजत नाही. आम्ही म्हनतो, गावाकडची आठवन येत असन, बसू द्या."

माझ्या हातातला चहा मी तसाच ठेवला. मला दोन गोष्टी एकदम करायच्या होत्या: बाहेर जाऊन त्याला सगळं खरं सांगायचं, आणि मागच्या दाराने भंडाऱ्याची बस पकडायची. दोन्हीपैकी एकही केली नाही. पदर नीट केला, बाहेर गेले, त्याच्यासमोर स्टूल ओढलं आणि म्हटलं, "गुड मॉर्निंग."

तो उभा राहिला. "गुड मॉर्निंग, मॅडम."

"बस. वही उघड."

मी त्याला तासभर शिकवलं. काय शिकवावं ते ठरवलेलं नव्हतं, म्हणून जिल्ह्याचा नकाशा पसरला. वैनगंगा कुठून येते, तुमसरला तांदळाच्या गिरण्या का झाल्या, पवनीला विणकर का आहेत. विणकर म्हटल्यावर तो माझ्या साडीच्या काठाकडे बोट करून म्हणाला, माझा मामा मागावर असे काठ विणतो, पण अरुंद पट्ट्यांत. मग पट्ट्या जोडून एक मोठं वस्त्र होतं. आपल्या घरात तीन पिढ्या माग होता, आणि पट्ट्या जोडून वस्त्र होतं हे मला माहीत नव्हतं. तास संपला तेव्हा कोण कोणाला शिकवत होतं, सांगता यायचं नाही.

अकराला त्याने पत्र काढलं आणि शिक्षकांपुढे खूण केली.

शनिवार. पटाचं मैदान

अंतिम सामना गावाच्या जुन्या पटाच्या मैदानावर. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. ती बंद पडली तेव्हापासून त्या मैदानावर आणि त्याच दिवसांत फुटबॉल होतो. त्यामुळे सगळा थाट पटाचाच. लाऊडस्पीकर तोच, उकडलेल्या शिंगाड्यांच्या पाट्या त्याच, झाडावर चढलेली माणसंही तीच. सामना सुरू व्हायच्या आधी सुमनबाईंनी कोफीला ओवाळलं. कपाळाला कुंकू, पायांवर पाणी. एक अनोळखी म्हातारा पुढे आला, त्याने वाकून कोफीची पोटरी दाबून पाहिली आणि सुकरामजींना म्हणाला, "दम आहे. किती दिवस खुराक देल्ला?"

"सहा दिवस," सुकरामजी अभिमानाने म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि मी प्रमोदला बाजूला घेतलं. "उद्या या मुलाचं काय होणार आहे?"

"परत जाईन ना जी. नागपूरच्या माणसाकडं. तुमसर रोडच्या टेशनावरून गाडीत बसवून देऊ." तो मला समजावू लागला, जसं लहान मुलाला समजावतात. "आत्याबाई, पटाले चांगली जोडी बाहेरगावहून आनतच होतो ना आपण? चांगलं चारायचं, तेल लावायचं, पळवायचं, अन् नारळ, दुपट्टा देऊन मानानं परत धाडायचं. कोनी जोडी बांधून ठेवते का? तसंच आहे हे."

त्याच्या मनात जराही कपट नव्हतं. तेच मला कळेना. कपट असतं तर मी ओरडले असते.

सामन्याचं वर्णन मला जमणार नाही, अर्णव. तू असतास तर सांगितलं असतंस. एवढं दिसलं की कोफीकडे चेंडू आला की सगळं गाव ओरडायचं, "तूच मार ना बापा," आणि तो मारायचा नाही. तो गावातल्या मुलांकडे द्यायचा, ज्यांना तो रोज सकाळी रांगेत उभं करत होता. पहिला गोल पोस्टमनच्या मुलाने केला, आणि तो स्वतःच इतका घाबरला की दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसला. शेवटचा गोल कोफीचा. गाव जिंकलं. गुलाल माझ्या दम्याला चालत नाही, तरी मी उभी राहिले.

माझ्याजवळून जाताना कोफी धापा टाकत म्हणाला, "मॅडम, आता अकादमी."

रविवार. तलावाची पाळ

सकाळी सुकरामजींच्या अंगणात निरोपाची तयारी. नारळ, टसरचा दुपट्टा, सुमनबाईंनी फडक्यात बांधलेले आयते. कोफीने बॅग भरली होती. तो सगळ्यांच्या पाया पडला, जसं त्याने आदल्या दिवशी मुलांना पडताना पाहिलं होतं. कोणाला काही बोलावं लागलं नाही. मंडळी त्याला मानाने परत पाठवत होती आणि तो मानाने पुढे, अकादमीकडे, निघाला होता. दोघेही खूश. मधे फक्त मी उभी.

"प्रमोद, पंधरा मिनिटं थांब," मी म्हटलं आणि कोफीला तलावाच्या पाळीवर घेऊन गेले. पाण्यात शिंगाड्याचे वेल होते, एक माणूस लहान डोंग्यात बसून शेवटचे शिंगाडे काढत होता. मी शाळेत वाईट बातमी नेहमी उभ्याने सांगत असे. इथे बसले.

"कोफी, अकादमी नाही. कधीच नव्हती. ते पत्र मी लिहिलं."

मी थांबले नाही, थांबले असते तर पुढचं निघालं नसतं. प्रमोद काय म्हणाला, मी काय समजले, पटाची जोडी म्हणजे काय, सगळं सांगितलं. डोंग्यातला माणूस पाळीला लागला, आम्हाला मूठभर शिंगाडे देऊन गेला. कोफीने ते उजव्या हाताने घेतले.

एक शिंगाडा सोलत तो म्हणाला, "तुम्ही फार छान लिहिता, मॅडम."

यापेक्षा त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ती खिडकी?" त्याने विचारलं. "तीही तुम्हीच बनवली?"

"नाही. ती आहे. माझा नातू इंग्लंडमध्ये राहतो, त्याच्या समोर. एक मुलगा तिच्यात उभा राहतो आणि हात करतो."

"म्हणजे खरं आहे. फक्त इथलं नाही."

मी हो म्हटलं. मग तो म्हणाला की आईने हे पत्र गावातल्या चर्चमध्ये वाचून दाखवायला लावलं होतं. सगळ्यांना तीन वर्षं माहीत आहेत. आणि तो नागपूरच्या माणसाकडे जाणार नाही, कारण त्याच्यासोबत आलेल्या दुसऱ्या मुलाला त्या माणसाने आता दुसऱ्याच गावाला धाडलं आहे, दुसरं पत्र दाखवून. "ते पत्र तुमच्याइतकं चांगलं नाही," तो म्हणाला. हे तो चिडून म्हणाला की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गाडीपाशी आलो. मी प्रमोदला म्हटलं, "तुमसर रोडला नाही. भंडाऱ्याला."

"कोनाच्या घरी?"

"माझ्या."

त्याने गाडीचं दार धरून ठेवलं. "आत्याबाई, असं कसं? लोक काय म्हणतील? पटाची जोडी कोणी घरी ठेवून घेते का?"

"पटाच्या जोडीला कोणी पत्र लिहून बोलावत नाही, प्रमोद."

सुकरामजी इतका वेळ काठी टेकून ऐकत होते. त्यांना किती कळलं माहीत नाही, त्यांनी प्रमोदला एवढंच विचारलं, "या पोराले तुम्ही काय सांगून आनलं होतं?" प्रमोदने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. सुकरामजी घरात गेले आणि तेलाची बाटली घेऊन आले. "बाई, हे ठेवा. निजाच्या पयले लावाचं. वरून खाली."

भंडारा

रविवारी संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. तुमच्या बाबांची खोली उघडली. कोफी आधी खिडकीशी गेला. ती गल्लीवर उघडते. समोर पिठाची चक्की आहे, बाकी काही नाही. त्याने खिडकी उघडून ठेवली.

मग पत्रातली रविवारची गोष्ट राहिली होती. मी त्याला माझा फोन दिला. तेव्हा, अर्णव, तुम्ही मला फोन करत होतात. तासभर तो आईशी बोलत होता. त्याची भाषा मला कळत नाही, त्यामुळे त्याने तिला खरं सांगितलं की नाही, हे मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. मधे एकदा तो हसला. शेवटी त्याने फोन माझ्या कानाला लावला आणि एक बाई इंग्रजीत सावकाश म्हणाली, "थँक यू, मॅडम. देवाने तुम्हाला पाठवलं." मी म्हटलं, "तो व्यवस्थित जेवतो."

सोमवारी प्रमोद तांदळाचं पोतं घेऊन आला. नागपूरच्या माणसाशी भांडून कोफीचं परतीचं तिकीटही आणलं होतं. "म्या फसवलं नाही जी त्याले," तो दारातच म्हणाला. मी म्हटलं, "नाही. मी फसवलं." तो म्हणाला, "तुम्ही तं नुसतं लिहिलं." आम्ही दोघांनी चहा घेतला आणि कोणाचं चुकलं ते तसंच राहिलं.

कोफीच्या व्हिसाचे दोन महिने उरले आहेत. रोज सकाळी तो मैदानावर जातो. दहाला आम्ही टेबलाशी बसतो. तो कुठे खेळू शकेल, कुठे शिकू शकेल, याची मी पत्रं लिहिते आहे, आणि आता जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते, म्हणून पत्रं फार लहान होतात. जुनं पत्र त्याने टाकलेलं नाही. खुणा तशाच आहेत. फक्त "प्रशिक्षक" आणि "तीन वर्षं" यांच्यापुढे कोरं आहे.

आता तुझी दुसरी ओळ. तू लिहिलंस की समोरचा पोर्तुगालचा मुलगा गेला, क्लबने त्याला ठेवलं नाही, खिडकीला पडदा आहे आणि मिसेस हॉलंडबाई नव्या मुलासाठी चादरी बदलत होत्या. मी ते कोफीला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "मग तो कुठे गेला?"

मी माझं जुनं पत्र पुन्हा काढून पाहिलं. खोली लिहिली होती, शिक्षक लिहिले होते, मालिशसुद्धा लिहिली होती. ठेवलं नाही तर मुलगा कुठे जातो, हे तू सांगितलं नव्हतंस, कारण मी विचारलं नव्हतं. अर्णव, शनिवारी मिसेस हॉलंडबाईंकडे जा, दार वाजव आणि एवढं विचारून ये. त्या सांगतील तसंच मला सांग, काही छान करू नकोस. आम्ही दोघे रविवारी फोनपाशी बसलेले असू.

तुमची,
आजी